जिवंत ग्रंथालय भरवायचं तर

वेगळ्या धर्माच्या, भाषेच्या, शरीराच्या किंवा मतांच्या माणसांबद्दल लोकांची समज वाढावी म्हणून बहुतेक ठिकाणी ठरलेल्या गोष्टी होतात: एखादं व्याख्यान, माहितीचे फलक, नाहीतर पोशाख आणि नाचगाण्यांचा कार्यक्रम. या सगळ्यांत उणीव एकच. पाहणाऱ्याच्या मनात जो खरा प्रश्न असतो, थोडा अवघड आणि थोडा लाजिरवाणा, तो विचारायला तिथे जागाच नसते. प्रश्न आला तसा घरी परत जातो आणि त्याचं उत्तर पुढे ऐकीव गोष्टींतून भरून काढलं जातं.

जिवंत ग्रंथालय अशाच प्रश्नांसाठी असतं. इथे पुस्तक म्हणजे माणूस. वाचक यादीतून शीर्षक निवडतो, काउंटरवर नोंद करतो आणि अर्धा तास त्या पुस्तकाशी एका टेबलापाशी बसून बोलतो. अट एकच: पुस्तक ज्या स्थितीत मिळालं त्याच स्थितीत परत करायचं. ही कल्पना २००० साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड संगीत महोत्सवात पहिल्यांदा राबवली गेली. रॉनी अबेर्गेल आणि कोपनहेगनच्या एका हिंसाविरोधी युवक संघटनेतले त्यांचे सहकारी यांनी सलग चार दिवस, रोज आठ तास ते चालवलं. पन्नासहून जास्त शीर्षकं होती आणि वाचक हजाराच्या वर गेले. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लिस्मोर गावात याचंच कायमस्वरूपी ग्रंथालय सुरू झालं. ‘ह्यूमन लायब्ररी’ हे नाव मात्र डेन्मार्कमधल्या संस्थेने नोंदवलेलं आहे. ते वापरायचं असेल तर तिची परवानगी घ्या, नाहीतर ‘जिवंत ग्रंथालय’ म्हणा. काम तेच राहतं.

दोन माणसं एकत्र बसवली की समज आपोआप वाढते, असा एक भाबडा समज आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगून ठेवलं होतं की नुसती भेट पुरत नाही. भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्देश समान हवा, काम एकमेकांच्या साथीने व्हायला हवं आणि त्यामागे संस्थेचा, कायद्याचा किंवा रूढीचा आधार हवा. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात असं दिसलं की साध्या भेटींनीही पूर्वग्रह सहसा घटतो, पण या अटी पाळल्या असतील तर जास्त घटतो. जिवंत ग्रंथालयाची सगळ्यात कमकुवत बाजू यांतली पहिली अट आहे. एक जण पाहणारा आणि दुसरा पाहिला जाणारा, असं झालं की ते ग्रंथालय राहत नाही, प्राणिसंग्रहालय होतं. पुढच्या बहुतेक सूचना हा घसरता उतार टाळण्यासाठी आहेत.

किती पुस्तकं, किती वेळ

पहिल्या वेळी १० पुस्तकं आणि ३ तास, यापेक्षा मोठं काही करू नका. हिशेब असा: एक वाचन ३० मिनिटांचं, मध्ये १० मिनिटं मोकळी. म्हणजे तीन तासांत चार फेऱ्या बसतात. पण कोणत्याही पुस्तकाला तीनपेक्षा जास्त वाचनं देऊ नयेत. चौथ्या फेरीत माणूस दमलेला असतो आणि उत्तरं पाठ म्हटल्यासारखी येतात. १० पुस्तकं गुणिले ३ म्हणजे ३० वाचनं. एका वाचनाला एक ते तीन वाचक बसू शकतात, सरासरी दोन धरले तर ६० जणांची सोय होते. चार वाचक बसवले की त्याची सभा होते. दोघं एकमेकांकडे बघून हसतात, एकजण गप्प राहतो आणि पुस्तक भाषण द्यायला लागतं.

१० हवी असतील तर १२ जणांशी पक्कं करा. शेवटच्या आठवड्यात एकदोघं गळतातच, आणि ते गळणं त्यांचा हक्क आहे. कारण विचारत बसू नका.

कार्यकर्ते पाच लागतात: देवघेव काउंटरवर दोन, हॉलमध्ये फिरते दोन, आणि पुस्तकांच्या विश्रांतीच्या खोलीत एक. हा पाचवा माणूस पैसे किंवा माणसं कमी पडली की सगळ्यात आधी कापला जातो. कापू नका. वाईट वाचनानंतर पुस्तक ज्याच्याकडे जाणार तो हाच.

तयारीला आठ आठवडे धरा. पहिले चार पुस्तकं शोधण्यात जातात, पुढचे दोन तयारीच्या बैठकीत, सातवा यादी आणि फलक छापण्यात. आठव्यात फक्त निरोपानिरोपी असावी.

पुस्तकं निवडणं

आयोजक सहसा स्वतःला ज्यांच्याविषयी आधीच आपुलकी आहे अशीच माणसं बोलावतात. मग वाचकही तेच येतात ज्यांना काही नवं ऐकायचं नसतं. म्हणून शीर्षकं स्वतः ठरवू नका. ज्या जागेत कार्यक्रम आहे तिथे दोन आठवडे एक पेटी ठेवा आणि चिठ्ठीवर एकच प्रश्न छापा: ‘कोणत्या प्रकारच्या माणसाशी बोलायला तुम्हाला अवघड वाटतं?’ नाव लिहायला सांगू नका. पन्नाससाठ चिठ्ठ्या आल्या की चित्र स्पष्ट होतं. निर्वासित, अंध, तृतीयपंथी, तुरुंगातून सुटून आलेला, मानसिक आजाराची औषधं घेणारी, ही शीर्षकं येतातच. त्यांच्याबरोबर पोलीस, कर्जवसुली करणारा, कट्टर धार्मिक, नास्तिक अशीही येतात. आयोजकांच्या स्वतःच्या कपाळाला जिथे आठी पडते, असं किमान एक शीर्षक यादीत असलंच पाहिजे. मुद्दा दृष्टिकोन समजून घेण्याचा असेल तर तो फक्त दुबळ्यांचाच असतो असं मानणं हाही एक पूर्वग्रहच.

प्रत्येक इच्छुकाशी आधी निवांत चाळीसेक मिनिटं बोला. चार गोष्टी पाहायच्या असतात. त्याला हे का करायचं आहे? ‘लोकांना नीट माहिती नाही, ती द्यावी’ हे उत्तर चांगलं. ‘लोकांना एकदा सुनवायचंय’ या उत्तरावर थांबा. जखम ओली आहे का? अलीकडेच घर सुटलेलं, आजार नुकताच कळलेला, खटला चालू असलेला माणूस या वर्षी पुस्तक होऊ नये. तयारी कितीही केली तरी अनोळखी माणसाचा एक वेडा प्रश्न पुरतो. तिसरं, त्याला काही विकायचं आहे का? वस्तू, पक्ष, पंथ, उपचारपद्धती, सगळं यात आलं. आणि चौथं, ऐकता येतं का? बोलण्याच्या ओघात एक जरा बावळट प्रश्न मुद्दाम विचारून पाहा. चिडून का होईना पण उत्तर देतो तो चालेल. तुम्हाला लाज वाटेल असं उत्तर देतो तो चालणार नाही.

यापलीकडे एक सूचना, जी बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही आणि जिच्यामुळे सगळ्यात जास्त फरक पडतो: निदान दोन शीर्षकांच्या दोन-दोन प्रती ठेवा. म्हणजे ‘अंध’ या शीर्षकाखाली दोन वेगळी माणसं, शक्यतो एकमेकांशी न पटणारी. एक जण पांढरी काठी अभिमानाने वापरणारी, दुसऱ्याला ती नकोशी वाटणारी. एकच प्रत असली की वाचक दोनपैकी एक चूक करतो. एकतर त्या एका माणसावरून सगळ्या गटाचा निकाल लावतो, नाहीतर ‘तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही’ असं कौतुक करून त्याला अपवादाच्या कप्प्यात टाकतो आणि गटाविषयीचं मत आहे तसंच ठेवतो. दुसरी प्रत वाचली की या दोन्ही पळवाटा बंद होतात.

शीर्षक आणि मलपृष्ठ

शीर्षक पुस्तकाने स्वतः ठरवायचं. ते एक-दोन शब्दांचं असावं आणि समाज त्या माणसाला जो शिक्का मारतो तोच त्यावर असावा. ‘निर्वासित’. ‘बेघर’. ‘एकटी आई’. आयोजकांना इथे गोडवा घालायची खुमखुमी येते आणि यादीत ‘जिद्दीची झेप’, ‘अंधारातून प्रकाशाकडे’ असं काहीतरी छापलं जातं. असं शीर्षक वाचकाला आधीच सांगून टाकतं की काय वाटून घ्यायचं आहे. पूर्वग्रह असलेला माणूस त्याच्याकडे फिरकत नाही, आणि आपल्याला तर तोच हवा असतो. उलट बाजूने, ज्या शब्दात शिवी आहे तो शब्द पुस्तकाने स्वतः मागितल्याशिवाय कधीही छापू नका.

मलपृष्ठावर, म्हणजे यादीत शीर्षकाखाली छापायच्या मजकुरात, तीन-चार ओळी पुरेत. पहिल्या दोन ओळींत या माणसाबद्दल लोक जे तीन समज बाळगून असतात ते लिहा, कसलंही खंडन न करता. तिसऱ्या ओळीत माणसाची एक साधी, अनपेक्षित खूण. उदाहरणार्थ: ‘लोकांना वाटतं: काम नको म्हणून रस्त्यावर राहतो, नशा करतो, मदत दिली तर उडवतो. तीन वर्षं रस्त्यावर राहिलो. बुद्धिबळ चांगलं खेळतो.’ पूर्ण नाव, राहण्याचं ठिकाण, कामाची जागा यांतलं काहीही यादीत नको. पहिलं नाव पुरतं, टोपणनाव तर उत्तमच.

पुस्तकांची तयारी

कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी सगळ्या पुस्तकांची एकत्र बैठक घ्या, तीन तासांची. हॉल फुकट मिळाला नाही, यादी उशिरा छापली, कार्यकर्ते आयत्या वेळी आले, हे सगळं निभावतं. ही बैठक टळली तर निभावत नाही.

पहिला तास पानं वेगळी करण्याचा. प्रत्येकाने आपल्यापुरत्या, कोणालाही न दाखवता, तीन याद्या करायच्या: जे आपणहून सांगेन, जे नीट विचारलं तर सांगेन, आणि जे कोणत्याही परिस्थितीत सांगणार नाही. तिसरी यादी रिकामी असलेला माणूस बहादूर नसतो, त्याने अजून विचार केलेला नसतो. त्याला परत बसवा. या यादीत स्वतःपुरतंच लिहून भागत नाही. आईवडील, जोडीदार, मुलं यांच्याही गोष्टी पुस्तकात असतात आणि त्यांनी कोणालाही परवानगी दिलेली नसते.

दुसऱ्या तासात पहिलं पान तयार करायचं: दोन मिनिटांची सुरुवात. घड्याळ लावून करा, कारण बहुतेकांची पहिली खेप सात-आठ मिनिटांवर जाते. सुरुवातीत आयुष्याचा आढावा नको. एक प्रसंग सांगायचा आणि वाचकाला प्रश्न विचारता येईल अशा ठिकाणी सोडायचा. ‘मी नोकरीच्या मुलाखतीला गेले. दारावरच्या माणसाने मला लिफ्टपर्यंत न्यायला हात धरला, विचारल्याशिवाय.’ एवढं पुरे. इथे वाचक काहीतरी विचारणारच, आणि तिथून पुढे पुस्तक त्याच्या प्रश्नांच्या मागे जातं.

तिसरा तास खडतर. प्रत्येक पुस्तकाला इतरांनी पाच उद्धट प्रश्न विचारायचे. हसत नाही, नाटक म्हणूनही नाही, सरळ. त्याला तीन प्रकारे उत्तर देता आलं पाहिजे. एक, उत्तर देणं. दोन, प्रश्न वळवणं: ‘हे तुम्हाला कुठून कळलं?’ किंवा ‘तुमच्याबद्दल कोणी न विचारता असं काही ठरवून टाकलं होतं का कधी?’ तीन, पान बंद करणं. त्यासाठी प्रत्येकाकडे एक तयार वाक्य असावं, म्हणजे त्या क्षणी शब्द शोधावे लागत नाहीत. ‘ते पान या प्रतीत नाही’ हे वाक्य अनेकांना आवडतं, कारण त्यात राग नाही आणि हशाही येतो.

दुसऱ्या प्रकारातला तो शेवटचा प्रश्न नुसता हजरजबाबीपणा समजू नका. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या मायामी भागात घरोघरी जाऊन तृतीयपंथी लोकांविषयी साधारण १० मिनिटांच्या गप्पा झाल्या. त्यात घरच्या माणसाला स्वतःला वेगळं ठरवून वाईट वागवलं गेल्याचा प्रसंग आठवायला सांगत. त्या गप्पांचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला आढळला. म्हणून वाचकाची आठवण जागी करणारा असा एक प्रश्न प्रत्येक पुस्तकाच्या खिशात असू द्या. वेळ संपत येताना विचारू नका. मध्यावर विचारा, म्हणजे त्यानंतर बोलायला वेळ उरतो.

वाचकांना काय सांगायचं

वाचकाला तयारीसाठी फार तर १० मिनिटं मिळतात, ती रांगेत उभा असताना. तेवढ्यात दोन गोष्टी होऊ शकतात.

पहिली म्हणजे वाचनपत्र. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर नियम: वेळ ३० मिनिटं, फोन खिशात, फोटो, ध्वनिमुद्रण नाही, पुस्तक कोणत्याही प्रश्नाला नाही म्हणू शकतं आणि वाचन कधीही थांबवू शकतं, तुम्हीही थांबवू शकता. खाली तीन ओळी मोकळ्या सोडा आणि वाचकाला मनातले तीन प्रश्न लिहायला लावा. लिहून झालं की काउंटरवरचा माणूस त्यावर नजर टाकतो आणि गरज असेल तर एकदोन शब्द बदलायला सुचवतो. ‘तुम्ही लोक असं का करता?’ यातलं ‘लोक’ काढलं आणि ‘का’च्या जागी ‘कसं’ किंवा ‘केव्हापासून’ घातलं की प्रश्नाचा सूर पालटतो. ‘का’ ऐकलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. ‘काय झालं’ विचारलं की प्रसंग सांगतो. ‘तुम्ही डोकं का झाकता?’ यावर धर्मशास्त्राचं उत्तर येतं. ‘तुम्ही पहिल्यांदा डोकं झाकलं तो दिवस कसा होता?’ यावर त्या बाईचं उत्तर येतं.

प्रश्न गुळगुळीत मात्र करू नका. काही कार्यकर्ते सभ्यतेच्या नादात वाचकाचा खरा प्रश्न खोडून टाकतात, आणि मग टेबलावर दोन भली माणसं हवामानावर बोलत बसतात.

दुसरी गोष्ट, रांगेजवळ भिंतीवर एक मोठा फोटो लावा, ज्यात काय चाललंय ते पटकन कळत नाही असा. खाली तीन रकाने: दिसतं काय, अर्थ काय लागतो, वाटतं काय. वेगळ्या संस्कृतींच्या माणसांशी संवाद साधायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणात वर्णन, अर्थ आणि मूल्यमापन या नावाने हा सराव जुना आहे. बहुतेक लोक पहिल्याच रकान्यात ‘म्हातारा माणूस मुलीवर ओरडतोय’ असं लिहितात. ओरडणं फोटोत दिसत नसतं, दिसतं ते उघडं तोंड आणि वर केलेला हात. मधल्या रकान्यात एकाच दृश्याचे तीन वेगळे अर्थ लिहायला सांगा. तिसरा अर्थ सुचायला वेळ लागतो, आणि टेबलाशी जाताना वाचकाच्या डोक्यात तेवढं असलं तरी भरपूर झालं.

जागा

टेबलांमध्ये अडीच ते तीन मीटर अंतर ठेवा. त्याहून कमी असलं तर शेजारच्या टेबलावरची वाक्यं ऐकू येतात आणि दोन्हीकडचे आवाज आपोआप दबतात. पार शांत खोलीही नको. हलकी कुजबुज असली की माणसं मोकळी बोलतात. खुर्च्या समोरासमोर मांडल्या तर चौकशी चालल्यासारखी वाटते. टेबलाच्या कोपऱ्यावर, काटकोनात ठेवा. दोन्ही खुर्च्या एकाच उंचीच्या आणि एकाच प्रकारच्या हव्यात. पुस्तकाची खुर्ची अशी असावी की तिच्यावरून दार आणि फिरता कार्यकर्ता दोन्ही दिसतील, आणि उठून जायची वाट वाचकाच्या मागून जाऊ नये. टेबलावर खेळातल्यासारखा एक दुहेरी पत्ता ठेवा, एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला लाल. पुस्तकाने तो उलटा केला की कार्यकर्ता काही न विचारता ‘वेळ झाली’ म्हणत येतो. वाचकाला कधीच कळू नये की वेळ झालीच नव्हती.

पायऱ्या, दाराची रुंदी, सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल का, हे पुस्तकांना निवडतानाच विचारलेलं असावं. भाषा वेगळी असेल तर दुभाषा लागतो. युरोपातल्या आयोजकांच्या परिभाषेत त्याला ‘शब्दकोश’ म्हणतात, आणि नाव चपखल आहे, कारण शब्दकोश स्वतःचं मत देत नाही. दुभाष्यासह वाचन ४५ मिनिटांचं धरा. घरचं माणूस दुभाषा म्हणून बसवू नका. बहीण भाषांतर करत असली की काही पानं निघतच नाहीत.

देवघेव काउंटरवर एक वही पुरते: वेळ, शीर्षक, वाचनपत्राचा क्रमांक. ठरवून आलेलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं तर वाचकाला ‘थांबा’ म्हणण्याआधी दुसरं शीर्षक सुचवा, शक्यतो जे तो स्वतःहून घेणार नाही ते. लोकप्रिय शीर्षकांपुढे रांग आणि दोन पुस्तकं तासभर रिकामी, असं दृश्य प्रत्येक वेळी दिसतं. रिकाम्या बसलेल्या पुस्तकाला आपण कोणाला नको आहोत असं वाटतं, म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येकाला निदान एक वाचक काउंटरनेच मिळवून द्यावा.

काय बिघडतं

वाचक गप्प बसतो. हे सगळ्यात सामान्य. पुस्तकाने वाचनपत्राकडे बोट दाखवून ‘यातला कुठला प्रश्न विचारायचा धीर होत नाहीये?’ असं विचारलं की सहसा गाडी सुटते.

वाचक वाद घालायला आलेला असतो. त्याला आकडे आणि पुरावे पुरवू नका. वाद जिंकला जाईल आणि भेट वाया जाईल. पुस्तकाने एकच करायचं, पुन्हा प्रसंगावर यायचं: ‘आकडे मला माहीत नाहीत. माझ्या बाबतीत झालं ते सांगतो.’ दोनदा करूनही तो थांबत नसेल तर पत्ता उलटा.

वाचक सल्ले देतो. देव, औषध, व्यायाम, परदेशी असलेल्या भाच्याचं उदाहरण. हा प्रकार उद्धटपणाहून जास्त दमवतो, कारण त्याच्यावर रागावताही येत नाही. फिरत्या कार्यकर्त्यांनी याच टेबलांवर जास्त लक्ष ठेवावं.

वाचक रडतो आणि पुस्तक त्याचं सांत्वन करू लागतं. अशा वेळी कार्यकर्त्याने पाणी घेऊन जावं आणि वाचकाला हळूच बाहेर न्यावं. सांत्वन हे पुस्तकाचं काम नाही.

शाळकरी मुलं गटाने आली की धाडसाच्या पैजा लागतात. त्यांना दोघादोघांत विभागा, ओळखीच्या जोड्या फोडा, आणि शिक्षकांना हॉलच्या दाराशीच थांबवा. शिक्षक टेबलाशी असले की मुलं शिक्षकांना आवडतील असेच प्रश्न विचारतात.

आणि एक बिघाड आयोजक स्वतः आणतात: सोबतीला ‘अनुभव कक्ष’. डोळ्यांवर पट्टी बांधून चाला, चाकाच्या खुर्चीत बसून पाहा वगैरे. मोह मोठा असतो, रांगही लागते. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डोळ्यांना पट्टी बांधून वावरलेल्या लोकांनी अंध माणसं नोकरी आणि स्वतंत्र जगणं यांसाठी कमी सक्षम असल्याचं मत दिलं, पट्टी न बांधलेल्यांपेक्षा. कारण उघड आहे. पाच मिनिटांच्या पट्टीत कळते ती आंधळं होण्याची पहिली घबराट. वीस वर्षं तसं जगण्यातलं कसब त्यात येत नाही. ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ या सल्ल्याचंही असंच आहे. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांची मालिका मांडली. समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज, त्याच्या जागी असल्याची कल्पना करून जास्त अचूक झाला नाही. समोरच्याशी बोलून मात्र झाला. कल्पनाशक्तीवर वेळ घालवण्यापेक्षा तेवढ्या जागेत आणखी एक टेबल मांडा.

त्याच दिवशी आणि नंतर

शेवटचं वाचन संपल्यावर पुस्तकांना लगेच घरी सोडू नका. अर्धा तास सगळी पुस्तकं आणि कार्यकर्ते दार लावून बसतील. प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या: आज आलेला सगळ्यात चांगला प्रश्न आणि सगळ्यात वाईट. वाईट प्रश्न एकत्र हसून बाहेर काढला की घरी सोबत येत नाही. तीन दिवसांत प्रत्येकाला फोन करा. काही जणांना त्रास त्या रात्री होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो. येण्याजाण्याचा खर्च न मागता द्यावा. मानधनाबाबत आयोजकांत दोन मतं आहेत, पण सगळ्यांना सारखं किंवा कोणालाच नाही, एवढं पाळलं तर तक्रार उरत नाही. फोटो हवेच असतील तर लेखी संमती वेगळ्या कागदावर घ्या, कार्यक्रम संपल्यावर. आधी घेतलेली संमती भिडेची असते.

वाचकांना ‘कार्यक्रम कसा वाटला?’ विचारू नका. सगळे ‘छान’ लिहितात. त्यांच्या वाचनपत्राची मागची बाजू वापरा: ‘तुम्ही लिहिलेल्या तीन प्रश्नांपैकी आता कोणता निरर्थक वाटतो? तुमचा कोणता अंदाज चुकला?’ आपला प्रश्नच चुकीचा होता हे ज्याला लिहिता आलं, त्याच्या बाबतीत वाचन झालं असं धरायला हरकत नाही. सहा आठवड्यांनी, ज्यांनी स्वतःहून संपर्काची परवानगी दिली त्यांना एकच प्रश्न पाठवा: ‘त्या भेटीनंतर या विषयावर कोणाशी वेगळं बोललात का?’ उत्तरं थोडी येतील. यादी सुधारायला तेवढी पुरतात.

एका वाचनाने ऑलपोर्टच्या दोन अटी, समान उद्देश आणि एकत्र काम, पूर्ण होत नाहीत, कारण अर्ध्या तासात कोणीच काही मिळून केलेलं नसतं. यावर साधा उपाय म्हणजे पुढच्या ग्रंथालयाची तयारी आधीच्या वाचकांकडे आणि पुस्तकांकडे मिळून द्यायची. चिठ्ठ्यांची पेटी उघडणं, मलपृष्ठाच्या ओळी घासूनपुसून घेणं, काउंटरची वही आखणं, अशी कामं चार-पाच बैठकांची असतात. त्यात माणसं एकमेकांच्या कहाण्या विसरून एकमेकांच्या सवयींवर वैतागायला लागतात. हा वैताग बरोबरीच्या माणसांत असतो तसला असतो, आणि तो दिसला की काम नीट चाललं आहे असं समजावं.

पुस्तकंही झिजतात. सात-आठ कार्यक्रम झाले की सुरुवातीची दोन मिनिटं शब्दन् शब्द तीच येतात, विराम त्याच जागी, हशाही त्याच जागी. वाचकाला ते कळत नाही, पुस्तकाला आणि कार्यकर्त्यांना कळतं. अशा पुस्तकाला वर्षभर कपाटात ठेवा, म्हणजे त्याला दुसऱ्या बाजूला बसू द्या: वाचनपत्र हातात घेऊन रांगेत, यादीतल्या सगळ्यात नकोशा शीर्षकासमोर.